पुण्यात जुना रिसेल फ्लॅट विकायला नक्की किती दिवस लागतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये १९९६ सालच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर २बीएचके, कार्पेट (आत प्रत्यक्ष वापरता येणारं क्षेत्र) ६५० स्क्वेअर फूट, लिफ्ट नाही. मागणी १ कोटी १० लाख. पाच महिने झाले, पस्तीसेक लोक बघून गेले, ऑफर एकही नाही. शेजारच्या सोसायटीतला तसाच फ्लॅट तीन आठवड्यांत गेला. फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, ते दोन वर्षांपूर्वी गेले, आई आता मुलाकडे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याकडे, नाशिकला असते, बहीण दुबईत. घर कुलूपबंद. तर कोथरूडमध्ये साधारण किती वेळ लागतो, आणि अजून थांबायचं की भाव कमी करायचा?

मी पुण्यात एकोणीस वर्षं रिसेलचं काम करतोय, त्यातलं निम्मं तरी कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रोड या पट्ट्यातलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आधी एक सांगतो, "साधारण किती वेळ" याचं उत्तर मी दिलं तरी तुम्हाला त्याचा फार उपयोग नाही. माझ्या अनुभवात, लिफ्ट असलेला, कागद स्वच्छ असलेला आणि भाव बरोबर लावलेला २बीएचके दीड-दोन महिन्यांत टोकनपर्यंत, म्हणजे विसाराची रक्कम हातात पडेपर्यंत, येतो. लिफ्ट नसलेला वरचा मजला असेल तर तीन-चार महिने धरा. मोठे ४बीएचके आणि बंगले वर्षभरही पडून असतात कारण घेणारेच मोजके. पण हे आकडे सुरू होतात कधीपासून, तर भाव आणि कागद दोन्ही जागेवर आले त्या दिवसापासून. जाहिरात टाकली त्या दिवसापासून नाही. तुमच्या बाबतीत मला वाटतं तो दिवस अजून उगवलेलाच नाहीये, म्हणून "पाच महिने झाले" हे मी पाच महिने धरतच नाही.

आता पस्तीस लोक येऊन गेले याचा अर्थ काय ते बघू. फोनच येत नसतील तर फोटो वाईट किंवा भाव इतका वर की लोक फोनही करत नाहीत. लोक येतात, बघतात आणि नंतर फोन उचलत नाहीत, तर घर त्या भावाला पटत नाहीये. आणि ऑफर येते, टोकनपर्यंत जातं आणि मग फिसकटतं, तर कागदात किंवा लोनमध्ये घोळ आहे. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं आहे. १ कोटी १० लाखाच्या बजेटमध्ये माणूस जेव्हा फिरतो तेव्हा तो तुमचा एकटाच फ्लॅट बघत नाही, त्याच दिवशी अजून तीन बघतो, आणि त्यातले दोन लिफ्टवाले आणि पार्किंगवाले असतात. आणि मनापासून सांगतो, आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं की चढ्या भावाचा फ्लॅट आधी दाखवायचा म्हणजे पुढचा स्वस्त वाटतो. पस्तीसपैकी बरेच जण तुमच्या जिन्यावरून उतरून दुसरीकडे टोकन देऊन आले असणार. तुमचं घर दुसऱ्याचं घर विकायला कामी येतंय, हे मला अजिबात आवडत नाही पण होतं असंच.

शेजारचा तीन आठवड्यांत गेला, त्याचं मनाला लावून घेऊ नका. एक म्हणजे तीन आठवडे म्हणजे बोर्ड लागल्यापासून टोकनपर्यंत, पैसे हातात यायला अजून दोन महिने लागले असतील. दुसरं, तो घेतला कुणी? जुन्या कोथरूडमध्ये मी कितीतरी डील असे बघितलेत की घेणारा त्याच गल्लीतला. आईवडील शंभर पावलांवर राहतात म्हणून मुलाला तिथेच घर हवंय, किंवा तिथला भाडेकरूच घेतो. असा माणूस बाजारभाव बघतच नाही, त्याला तीच जागा हवी असते. म्हणून पहिलं काम, तुमच्या सोसायटीच्या आणि आजूबाजूच्या दोन-चार सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरळ टाका की विकायचाय. लोक लाजतात, वडील गेले आणि लगेच घर विकायला काढलं असं म्हणतील म्हणून. दोन वर्षं झाली आहेत, कुणी काही म्हणत नाही.

भावाचं बोलू. तुम्ही १ कोटी १० लाख कुठून काढले ते लिहिलं नाहीये पण बहुतेक वेबसाइटवरच्या जाहिराती बघून काढले असणार. त्या मागण्या असतात, झालेले व्यवहार नसतात. झालेला व्यवहार बघायचा तर नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, फुकट आहे, तिथे तुमच्या सर्व्हे नंबरवर किंवा मिळकत क्रमांकावर गेल्या एक-दोन वर्षांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सारांश) निघतात. त्यात मोबदला आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. तुमच्याच बिल्डिंगचा एखादा आणि रस्त्यावरचे पाच-सहा काढा, कार्पेटवर भाग देऊन रेट काढा. क्षेत्रफळ बघताना नीट बघा, जुन्या दस्तात बिल्टअप (भिंती धरून) लिहिलेलं असतं, नवीन दस्तात कार्पेट, दोन्ही एकात मिसळलं तर हिशोब सगळा चुकतो. मग लिफ्ट नसल्याचं वजा करा. मेट्रोचं वेगळं काही जोडू नका, वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली, तिचा जो काय भाव चढायचा तो त्या इंडेक्स टूमध्ये आलेलाच आहे, तरी विकणारे अजून वरून पाच लाख मेट्रोचे लावतात.

आणि घेणाऱ्याच्या खिशातून बघा एकदा, कारण वेळ तिथेच जातो. १ कोटी १० लाखाला ७५ लाखाच्या वरचं लोन लागलं तर आरबीआयच्या नियमाने बँक जास्तीत जास्त ७५ टक्के देते, म्हणजे साडेब्याऐंशी लाख. उरले साडेसत्तावीस लाख. त्यावर पुण्यात मेट्रोचा एक टक्का धरून ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ७ लाख ७० हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार. झाले साडेपस्तीस लाख, तेही बँकेचा व्हॅल्युअर तुमच्या भावाशी सहमत झाला तर. तीस वर्षांच्या बिल्डिंगला तो हमखास कमी लावतो आणि मग तो फरकही घेणाऱ्यानेच घालायचा. तेच ९८ लाखाला बघा, ७५ लाखापर्यंत लोन ८० टक्क्यांच्या नियमात बसतं, म्हणजे स्वतःचे २३ लाख अधिक ड्युटी-रजिस्ट्रेशनचे सव्वासात धरले तर ३० लाखाच्या आसपास. मागणी १२ लाखांनी उतरली आणि खिशातून काढायचे पैसे सव्वापाच लाखांनी. तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणजे तुमचा घेणारा तरुण जोडपं असणार, दोघं नोकरीवाले, नवीन बिल्डिंग परवडत नाही म्हणून जुन्यात बघणारे. त्यांच्याकडे साडेपस्तीस लाख रोकडे असते तर ते लिफ्टवाल्यातच गेले असते.

माझं मत, मागणी ९८-९९ ठेवा, ९५ च्या आसपास व्यवहार होईल. तुमच्या इंडेक्स टूमधून वेगळं काही निघालं तर तो आकडा खरा माना, माझा नाही, मी घर बघितलेलं नाहीये. पण कमी करायचा तर एकदाच करा. दर महिन्याला एक-एक लाख उतरवणारा फ्लॅट सगळे ओळखतात, एजंटही आणि घेणारेही, आणि मग जो तो म्हणतो अजून थांबू, अजून उतरेल.

थांबण्याची किंमत मोजली का? ९५ लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला सहा लाखाच्या वर व्याज, म्हणजे महिन्याला पन्नास हजार. व्याजावर टॅक्स आहे हे मान्य, पण कुलूपबंद घराचा मेंटेनन्स, प्रॉपर्टी टॅक्स, विजेचं किमान बिल हे उलट बाजूला आहेच. चार लाख जास्त मिळतील म्हणून आठ महिने थांबलात तर हातात काहीच जास्त पडत नाही, आणि आठ महिन्यांनी ते मिळतीलच याची खात्री नाही. हां, घरात कुणी राहत असतं किंवा भाडं येत असतं तर मी थांबायला सांगितलं असतं. म्हणजे थांबायचं की नाही हे परिस्थितीवर आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. फ्लॅट वडिलांच्या नावावर होता. आज विकणार कोण आहे? सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर (सभासदत्वाचा दाखला) अजून वडिलांचं नाव असेल, किंवा नॉमिनी म्हणून आईचं नाव लागलं असेल. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने विश्वस्त असतो. मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही आणि बहीण, तिघंही वारस. (आजी, म्हणजे वडिलांची आई हयात असेल तर तीही, हे लोक हमखास विसरतात.) घेणाऱ्याचा वकील टायटल सर्च (मालकीची तपासणी) काढतो आणि बँकेचा वकीलही काढतो आणि दोघंही तिथेच बोट ठेवणार की बहिणीची सही कुठाय. दोन वर्षांपूर्वी कर्वेनगरचा एक डील माझ्या हातून असाच गेला. टोकन झालेलं, घेणाऱ्याचं लोन मंजूर, आणि परदेशातल्या धाकट्या भावाची पॉवर ऑफ अॅटर्नी (कुलमुखत्यारपत्र) यायला अडीच महिने लागले. घेणाऱ्याला मुलाच्या शाळेसाठी जूनच्या आत शिफ्ट व्हायचं होतं, तो टोकन परत घेऊन निघून गेला. ते घर नंतर सात महिन्यांनी गेलं, तेही तीन लाखाने कमी. भाव बरोबर होता, घर छान होतं, फक्त एक कागद मागे राहिला होता.

तुमच्याकडे बहीण दुबईत आहे. दोन मार्ग आहेत. एक, तिने आईच्या किंवा तुमच्या नावे हक्कसोडपत्र करायचं, ते रजिस्टर करायचं, मग विक्री तुम्ही दोघं करणार. दुसरा, तिने विक्रीतच सहविक्रेती म्हणून राहायचं आणि सहीसाठी पॉवर ऑफ अॅटर्नी द्यायची. दोन्हीत ती इथे येणार नसेल तर पॉवर ऑफ अॅटर्नी तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावी लागते, आणि ती इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत तिच्यावर स्टॅम्प ड्युटी भरून घ्यावी लागते, हे राहून गेलं की डोकेदुखी वाढते. दुसऱ्या मार्गात अजून एक गोष्ट आहे. विक्रेते भारतात राहणारे असतील तर ५० लाख किंवा वरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापतो, सोपं काम आहे. पण बहीण अनिवासी असेल तर तिच्या हिश्श्यावर टीडीएसचा दर बराच जास्त आणि घेणाऱ्याला कटकट वेगळी. पहिल्यांदा घर घेणारं जोडपं हे ऐकूनच दचकतं. पण म्हणून बहिणीने हक्क सोडावाच असं मी म्हणत नाहीये, तो तुमच्या घरातला विषय आहे, तिचा हिस्सा तिला कसा मिळेल ते आधी तिघांनी बसून ठरवा आणि सीए आणि वकील दोघांना एकत्र विचारा. टोकन घेतल्यावर नाही, आत्ता.

बाकी कागद पटापट सांगतो. बिल्डरचं मूळ अॅग्रीमेंट आणि त्याचा इंडेक्स टू, रजिस्ट्रेशनची पावती, कम्प्लीशन सर्टिफिकेट, शेअर सर्टिफिकेट, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, सोसायटीचं नो ड्यूज. वडिलांनी लोन काढलं होतं का ते बघा, फिटलं असेल तरी बँकेकडून मूळ कागद परत घेतलेत का आणि बोजा उतरवलाय का. आरबीआयच्या नियमाने डिसेंबर २०२३ पासून लोन फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, नाहीतर बँकेला दिवसाला पाच हजार भरपाई, पण आपण मागितलेच नाहीत तर कपाटात पडून राहतात. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का हेही विचारा, १९९६ ची बिल्डिंग म्हणजे लोक रिडेव्हलपमेंटचं विचारणारच आणि जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर ते गाडं अडतं. डीम्ड कन्व्हेयन्स (बिल्डरने जमीन नावावर केली नाही तर सरकारकडून करून घेतात ते) झालं असेल तर जाहिरातीत आवर्जून लिहा.

रिडेव्हलपमेंटवरून आठवलं. कोथरूडमध्ये आता प्रत्येक जुन्या सोसायटीत ही चर्चा आहे आणि विकणारा म्हणतो उद्या ४० टक्के जास्त जागा मिळणार, तर आजच त्याचे पैसे द्या. घेणारा म्हणतो बिल्डर नेमलाय का, ठराव झालाय का, बोलणी आठ वर्षं चालतील. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. माझा अनुभव असा की नुसत्या चर्चेचे पैसे कुणी देत नाही, सर्वसाधारण सभेत बिल्डर ठरला की थोडे देतात, आणि डेव्हलपमेंट अॅग्रीमेंट (सोसायटी आणि बिल्डरमधला करार) रजिस्टर झालं की मात्र लोनवाला घेणारा जवळजवळ संपतो कारण बँका मागे सरतात, मग फक्त रोकडे पैसेवाला गुंतवणूकदार उरतो आणि तो घासून घेतो. तुमच्या सोसायटीत काय चाललंय ते सेक्रेटरींना भेटून नीट विचारून घ्या, कारण यावर तुमचा वेळही बदलतो आणि भावही. आणि भेटलात की ट्रान्स्फर प्रीमियमचंही (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम) बोला. महापालिका हद्दीत कमाल २५ हजार, हा सरकारी नियम आहे, पण काही सोसायट्या देणगीच्या नावाने लाखात मागतात आणि शेवटच्या आठवड्यात वाद होतो. आधीच लिहून घेतलं की डोकेदुखी नाही.

आता घराबद्दल. कुलूपबंद घर विकायला अवघड, कारण दार उघडलं की पहिला वास येतो कोंदट. त्यातून विजेचे दिवे गेलेले, नळाला पहिलं पाणी तांबूस, बाल्कनीत कबुतरांची घाण. सिंहगड रोडला एक फ्लॅट होता, चांगला उजेडाचा, तरी तीन महिने हलेना. मी स्वतः गेलो तेव्हा लक्षात आलं, मास्टर बेडरूमच्या दारामागे जुनं लाकडी कपाट होतं त्यामुळे दार अर्धंच उघडायचं. येणारा प्रत्येक माणूस अंग चोरून आत शिरायचा, आणि शिरल्या शिरल्या म्हणायचा "बेडरूम जरा लहानच आहे नाही?" खोली होती अकरा बाय तेरा. कपाट हॉलमध्ये हलवलं, भिंतीला एक हात पांढरा रंग दिला, दुसऱ्या महिन्यात टोकन झालं. कपाटानेच झालं असं मी म्हणणार नाही, भावही दोन लाख उतरवला होता. पण त्यानंतर "लहान आहे" हे वाक्य परत ऐकलं नाही.

तुम्ही नाशिकला आहात, मग किल्ली कुणाकडे असते? शेजारच्या काकूंकडे असेल तर त्या लोकांना काय सांगतात ते एकदा प्रेमाने विचारा. वाईट हेतू नसतो कुणाचा, पण "उन्हाळ्यात पाण्याचा जरा त्रास असतो हो" एवढं वाक्य पुरतं. पाण्याचा त्रास खरा असेल तर लपवू नका, टँकर कधी लागतो, वर्गणी किती येते ते स्वतःच सांगा. स्वतःहून सांगितलेली उणीव लोक हिशोबात धरतात, दुसऱ्याकडून कळलेलीला घाबरतात. एक शनिवार-रविवार तुम्ही स्वतः येऊन राहा, घर धुऊन घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, आणि लोकांना सकाळी दहा-अकराला बोलवा.

आणि जाहिराती बघा एकदा. पाच महिन्यांत किती एजंटांना दिलाय? माझा अंदाज सहा-सात. मग तोच फ्लॅट, तेच फोटो, एका ठिकाणी १ कोटी १०, दुसरीकडे १ कोटी ५, तिसरीकडे १ कोटी १५ असा दिसतो. घेणारा सर्वात कमी आकडा धरून बसतो आणि विकणारा अडचणीत आहे असं समजतो. सगळ्या काढायला लावा, दोन-तीन आठवडे काहीच ठेवू नका, तेवढ्यात वरचे कागद मार्गी लावा, मग महारेराची (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी असलेल्या एका किंवा फार तर दोन एजंटांकडे नव्या फोटोंनी, नव्या भावाने द्या. "काही रक्कम रोख" अशी अट कुणाला घातली असेल किंवा एजंटाने तुमच्या नावाने घातली असेल तर तीही बंद करा, कायद्याने २० हजार किंवा त्यावर रोख घेता येत नाही आणि लोनवाला माणूस ते ऐकून परत येत नाही.

मुहूर्त म्हणाल तर पितृपंधरवड्यात टोकन कुणी देत नाही, दसरा ते दिवाळी आणि पाडवा ते अक्षय्य तृतीया हालचाल असते, मार्चमध्ये रेडी रेकनर (स्टॅम्प ड्युटीसाठीचे सरकारी दर) बदलायच्या आधी रजिस्ट्रेशनची गर्दी. पावसाळ्यात विकत नाही म्हणतात पण गळत नसेल तर पावसाळ्यासारखी संधी नाही, जुन्या बिल्डिंगचा घेणारा भिंतीला हात लावूनच बघतो.

टोकननंतरचा वेळही धरा. सर्च रिपोर्टला आठवडा, लोनला दोन-तीन आठवडे, साठेखत (विक्री ठरल्याचा करार) रजिस्टर झालं की बँकेचा चेक, मग खरेदीखत आणि ताबा. सगळं सुरळीत तर ४५ ते ६० दिवस. म्हणजे तुमचा खरा हिशोब असा, बहिणीच्या कागदांना दीड ते दोन महिने, त्यात शेवटी-शेवटी नव्याने जाहिरात, टोकनला पुढे तीनेक महिने, पैशाला अजून दोन. आजपासून सहा-सात महिने धरून चला, आईच्या नावावर नाशिकला दुसरं काही घ्यायचं असेल तर त्याचं बुकिंग या तारखा बघूनच करा.

या आठवड्यात मी तुमच्या जागी असतो तर बहिणीला फोन करून वकिलातीची अपॉइंटमेंट घ्यायला लावली असती आणि सेक्रेटरींकडे जाऊन शेअर सर्टिफिकेटवर आज कुणाचं नाव आहे ते बघितलं असतं. ते नाव आणि रस्त्यावरच्या चार-पाच इंडेक्स टूचे आकडे इथे टाका, भावाचं मग नक्की सांगता येईल.